यंत्राला माझी आवड कळते, मग वाचण्याजोगे काही का सापडत नाही?

पत्राचा सारांश: सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळद अडत पेढीत हिशेबाचे काम पाहणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एका भगिनींचे हे पत्र आहे. घरी पहिला संगणक आला, तेव्हा त्यांना ‘स्टंबलअपॉन’ या संकेतस्थळाचा नाद लागला. एक बटण दाबले की कोणते तरी अनोळखी पान समोर येई. त्या बटणामुळे जुने सागरी नकाशे, एका परदेशी घड्याळजीची कामाची टिपणे, मिठागरांवरचा सचित्र लेख असे कितीतरी वाचून झाले. ते स्थळ २०१८ मध्ये बंद पडले. मग त्या दुवे ‘पॉकेट’मध्ये साठवू लागल्या, तेही २०२५ मध्ये बंद झाले आणि हाती उरली हजारावर न वाचलेल्या दुव्यांची यादी. आता त्यांनी व्यक्तिगत आवडीनुसार दुवे सुचवणाऱ्या एका नव्या स्थळावर नाव नोंदवले आहे. बागकाम, इतिहास, पाककला आणि अर्थकारण हे विषय निवडले, तर काही आठवड्यांतच गच्चीवरचे टोमॅटो आणि ‘पाहायलाच हवेत असे दहा किल्ले’ यांपलीकडे काही येईनासे झाले. अभियांत्रिकी शिकणारी मुलगी म्हणते, “आई, तू त्याला नीट शिकवलंच नाहीस.” फोनवरच्या बातम्यांतही सोन्याचे भाव आणि सिनेनटच येत राहतात. यजमानांच्या मते हा वेळ घालवण्याचा उद्योग आहे. माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठवलेले दुवे कोणी उघडत नाही. आता ते स्थळ ब्राउझरचा सगळा इतिहास पाहण्याची परवानगी मागत आहे. ती द्यावी, म्हणजे आपली आवड त्याला अधिक नेमकी कळेल, की हा सगळा प्रकारच सोडून द्यावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि आधी तिच्याकडेच पाहावे असे मला वाटते. स्थळाला आपली पुरेशी माहिती नाही म्हणून ते नीरस दुवे देते, माहिती वाढवली की वाचन सुधारेल, असे तुम्ही धरून चालला आहात. मुलीचे म्हणणेही थोड्या वेगळ्या शब्दांत तेच आहे. परंतु इतक्या वर्षांनंतरही जी पाने तुम्हाला आठवतात, ती पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणा. सागरी नकाशे, घड्याळजी, मिठागरे. यांतले काहीही तुमच्या चार विषयांत सरळपणे बसत नाही, आणि घड्याळजीचे टिपण वाचण्यापूर्वी कोणी विचारले असते, तर घड्याळदुरुस्ती ही आपली आवड आहे असे तुम्ही सांगितलेच नसते. ती आवड वाचल्यानंतर निर्माण झाली. जी अजून निर्माणच झालेली नाही, तिची नोंद तुमच्या ब्राउझरच्या इतिहासात कोठून सापडणार?

तुमचे ते जुने बटण नेमके काय करीत होते, हे पाहिले तर उत्तराचा बराचसा भाग तेथेच मिळतो. स्टंबलअपॉन २००१ मध्ये कॅनडातील कॅल्गरी येथे गॅरेट कॅम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केले. पुढे २००७ मध्ये ‘ईबे’ने ते साडेसात कोटी डॉलरना विकत घेतले, २००९ मध्ये संस्थापकांनीच ते परत घेतले आणि ३० जून २०१८ रोजी ते थांबले. तेथेही विषय निवडावे लागत आणि आवडले-नावडले याची खूण करावी लागे, म्हणजे व्यक्तिगत निवड तेथेही होतीच. फरक असा की त्या साठ्यातले जवळजवळ प्रत्येक पान कोणा ना कोणा वाचकाला स्वतःला आवडले म्हणून त्याने तेथे आणून ठेवलेले असे, आणि तुमची पसंती तुम्ही अंगठा वर किंवा खाली करून स्वतः सांगत होता. तुम्ही एखाद्या पानावर किती वेळ थांबलात, कोठे बोट अडखळले, यावरून ती परस्पर ताडण्यावर त्याचा मुख्य भर नव्हता. विषयही ऐसपैस असल्यामुळे एका विषयाच्या नावाखाली भलतेसलते बरेच काही येऊन पडे, आणि गंमत त्या भलत्यासलत्यातच होती.

तरीही जुन्या दिवसांबद्दल थोडे सावध राहा. स्मरणात राहिली ती चांगली पाने. बटण दाबून क्षणार्धात उडवून लावलेली निरर्थक पाने त्यांच्याहून कितीतरी अधिक असणार, आणि ती कोणालाच आठवत नाहीत. शिवाय तो काळ हौशी माणसांनी स्वतंत्र संकेतस्थळे हाताने उभारण्याचा होता. त्या प्रकारचे बरेचसे लेखन आता मोठ्या कंपन्यांच्या ॲपांत गेले आहे, जेथे लॉगिन केल्याशिवाय वाचता येत नाही आणि जेथे बाहेरचे कोणतेही बटण पोहोचत नाही. त्यामुळे तेच स्थळ आज जसेच्या तसे पुन्हा सुरू झाले, तरी तुमचा आनंद जसाच्या तसा परतेल असे मला वाटत नाही.

आता मुलीच्या आक्षेपाकडे वळू, कारण तो अर्धा बरोबर आहे. अशा शिफारशींमागचा मूळ विचार सोपा आहे: ज्या दोन वाचकांचे आजवर अनेक लेखांबाबत एकमत झाले, त्यांचे पुढच्या लेखाबाबतही होण्याची शक्यता अधिक. अमेरिकेत १९९४ मध्ये ‘ग्रुपलेन्स’ नावाच्या प्रकल्पाने ‘यूझनेट’ या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावरील लेखांसाठी हीच पद्धत वापरली होती. वाचकांनी लेखांना गुण द्यायचे आणि समान गुण देणाऱ्यांवरून इतरांसाठी भाकीत करायचे. आजची स्थळे याच्या कितीतरी पुढे गेली आहेत, परंतु पाया तोच आहे, आणि त्यामुळे दोन अडचणी कायम राहतात. पहिली अशी की तुमच्याशी जुळणारी माणसे त्या स्थळावर पुरेशा संख्येने असावी लागतात. बागकामाबाबत ती लाखांनी आहेत. हळदीच्या व्यापाराचा इतिहास, कृष्णाकाठच्या घाटांची बांधणी, जुन्या मोडी हिशेबवह्या अशा गोष्टी मराठीत वाचू इच्छिणारी माणसे तेथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतील, आणि इतक्या थोड्या मतांवरून यंत्राला काहीही ठरवता येत नाही. मग ते जेथे गर्दी आहे तेथे तुम्हाला नेऊन सोडते. मराठी वाचकांचे मराठी दुवे बहुतांशी व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतात आणि अशा स्थळांच्या दृष्टीस पडतच नाहीत, ही आणखी एक भर. यात तुम्ही शिकवण्यात कमी पडलात असे काही नाही.

दुसरी अडचण मात्र तुमच्या हातातली आहे. टोमॅटोचा एक लेख तुम्ही गरजेपोटी उघडला असेल, कुंडीतले रोप सुकत होते म्हणून. यंत्राने तो आवडीच्या खात्यात जमा केला. गरज आणि जिज्ञासा यांतला भेद त्याला कळत नाही. फोनवर सोन्याचे भाव आणि सिनेनटांच्या बातम्या येतात त्याचेही कारण बहुधा असेच असेल: लग्नसराईत कोणीतरी भाव पाहिला असेल, घरातल्या कोणीतरी तुमच्या फोनवर काही उघडले असेल. (सोन्याचे भाव पाहणे हा काही दोष नव्हे, सांगलीत तो नागरिकशास्त्राचा भाग मानायला हरकत नाही.) फोनवरच्या त्या बातम्यांच्या प्रत्येक चौकटीशेजारी तीन टिंबे असतात, तेथे जाऊन ‘यात रस नाही’ असे सांगता येते. ‘वेब आणि ॲप अ‍ॅक्टिव्हिटी’ ही नोंदही गुगल खात्यात जाऊन थांबवता किंवा पुसता येते. एवढे एकदा करून टाका.

म्हणूनच ब्राउझरचा इतिहास पाहण्याची परवानगी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खासगीपणाचा मुद्दा तर आहेच, आणि तुमच्या बाबतीत तो दुहेरी आहे, कारण त्याच संगणकावर तुम्ही पेढीची जीएसटी विवरणपत्रे, बँकेची पाने आणि व्यापाऱ्यांची खाती उघडत असाल, तर ती माहिती तुमच्या एकटीची नाही आणि ती दुसऱ्याला दाखवण्याचा अधिकारही तुमचा नाही. पण खासगीपणा क्षणभर बाजूला ठेवला, तरी ही परवानगी निरुपयोगी ठरेल. कामाच्या माणसाच्या ब्राउझरमध्ये काम असते. हळदीचे दर, करभरणा, मुलीचे प्रवेश अर्ज, कोणाच्या तरी तपासणीचे अहवाल, रेल्वेची तिकिटे. एवढे सगळे वाचून ते स्थळ तुम्हाला हळदीचे दर आणखी नेमकेपणाने दाखवील. नाव नोंदवलेलेच आहे, तर निराळा ईमेल पत्ता वापरा, फोनमधील संपर्क पाहू देऊ नका आणि स्थळ चालू ठेवण्यासाठी इतिहास देण्याची सक्ती असेल तर खाते बंद करा; गमावण्यासारखे तेथे अजून काही साठलेले नाही.

सक्ती नसेल, तर खाते मोडायची घाई नको. चार ऐसपैस विषय काढून टाका आणि त्यांच्या जागी अरुंद, थोडे विचित्र वाटणारे विषय घाला: नकाशाशास्त्र, जुनी यंत्रे, मीठ, बंदरे, हिशेबपद्धतींचा इतिहास. बागकाम काही महिने पूर्ण वगळा. टोमॅटोचे प्रश्न शोधून सोडवता येतात, ते सुचवले जाण्याची आवश्यकता नाही. आणि पसंतीची खूण मथळा पाहून करू नका. यार्डात सौद्याच्या वेळी खरेदीदार पोत्यावरचे नाव वाचून बोली लावत नाही, हळकुंड मोडून आतला रंग पाहतो, हे तुम्ही रोज बघता. लेख निदान निम्मा वाचल्याशिवाय अंगठा वर करायचा नाही, एवढा नियम पाळलात तर यंत्राकडे जाणारी माहिती थोडी असेल, पण खरी असेल. लेख चांगला आहे पण आज नको, अशा वेळी नापसंतीही नोंदवू नका. नुसते पुढे जा.

पण खरे सांगायचे तर माझा भरवसा या डागडुजीवर नाही. विषयाकडून विषयाकडे जाणाऱ्या वाटेपेक्षा माणसाकडून माणसाकडे जाणारी वाट अधिक दूर नेते, असे माझे मत आहे आणि तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. दुवे साठवण्याचे ‘डिलिशस’ नावाचे स्थळ जोशुआ शाख्टर यांनी २००३ मध्ये सुरू केले होते. तेथे एक साधी सोय होती: तुम्ही साठवलेला दुवा आणखी कोणी साठवला आहे हे दिसे, आणि त्या माणसाच्या नावावर टिचकी मारली की त्याने साठवलेले बाकीचे दुवेही दिसत. समजा, मिठागरांवरचा एखादा आडबाजूचा लेख तुमच्याखेरीज जगात फक्त चौघांनी साठवला आहे. त्या चौघांपैकी एखादा जहाजबांधणीत रमलेला असेल, एखादी अन्नाच्या इतिहासाची अभ्यासक असेल. त्यांच्या संग्रहात तुम्हाला जे सापडेल, ते कोणत्याही विषयसूचीत सापडणार नाही, कारण एका माणसाच्या डोक्यात ज्या गोष्टी शेजारी शेजारी नांदतात, त्या सूचीत नांदत नाहीत. येथे निर्णय तुमचा राहतो. कोणाच्या मागे जायचे आणि कोठून परतायचे, हे तुम्ही ठरवता. यंत्रात तेच काम तुमच्या नकळत होते.

डिलिशस आता त्या रूपात उरलेले नाही, परंतु ‘पिनबोर्ड’सारख्या स्थळांवर लोकांचे उघडे संग्रह आजही पाहता येतात, आणि ही पद्धत कोणत्याही स्थळाविना वापरता येते. एखादा लेख मनापासून आवडला की खालचे ‘हेही वाचा’ उघडू नका. त्याऐवजी लेखकाचे नाव शोधा, त्याने आणखी काय लिहिले आहे ते पाहा, आणि विशेषतः लेखाच्या पोटात त्याने स्वतः कोणाचे दुवे दिले आहेत ते उघडा. ‘हेही वाचा’ तुम्हाला त्याच आवारात अडकवण्यासाठी असते. लेखकाने दिलेला दुवा बाहेर नेतो. असे मनाजोगे पाच-सहा लेखक किंवा स्थळे मिळाली की त्यांची ‘आरएसएस’ वाहिनी, म्हणजे स्थळावरचे नवे लेखन आपोआप आणून देणारी सोय, ‘फीडली’ किंवा ‘इनोरीडर’सारख्या वाचक-ॲपमध्ये जोडून ठेवा. ही सोय १९९९ पासून आहे, आणि गुगलने आपला ‘रीडर’ १ जुलै २०१३ रोजी बंद केल्यावर ती संपली असा अनेकांचा समज झाला, तो चुकीचा आहे. तेथे नवे लेखन प्रसिद्ध होईल तसे क्रमाने दिसते आणि कोणाची निवड कधी काढून टाकायची हे पूर्णपणे तुमच्या हाती असते.

आणखी एक गृहीतक हलक्या हाताने तपासावे म्हणतो. वाचन आपल्यासाठीच निवडलेले असावे, हा आग्रह तुमच्यात केव्हा आला? आपण मराठी वाचक तर दिवाळी अंकांवर वाढलो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आजपर्यंत कोणत्याही संपादकाने अंक सिद्ध करण्यापूर्वी तुमची-माझी आवड विचारलेली नाही. त्याला स्वतःला जे मोलाचे वाटले ते त्याने छापले, आणि आपण वर्गणी भरून ग्रंथालयातून एकामागून एक अंक आणताना कथेसाठी उघडलेल्या अंकात शेतीवरचा किंवा संगीतावरचा लेख वाचून बसलो. आंतरजालावरही असे संपादक आहेत. न्यूझीलंडमधील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक डेनिस डटन यांनी १९९८ मध्ये ‘आर्ट्स अँड लेटर्स डेली’ हे स्थळ सुरू केले. तेथे रविवार सोडून रोज मोजके तीन नवे दुवे मिळतात, सर्वांना तेच आणि प्रत्येकाची दोन ओळींत ओळख करून दिलेली. डटन २०१० मध्ये गेले, तरी स्थळ चालू आहे. तुमचे इंग्रजी वाचन असल्यामुळे हे सुचवतो. आठवड्याच्या अठरा दुव्यांतले दोन वाचलेत तरी पुष्कळ झाले.

मराठीत तर खजिना तुमच्या शेजारच्या जिल्ह्यात तयार झालेला आहे. मराठी विश्वकोशाचे काम साताऱ्याजवळ वाईला झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि आज वीसही खंड आंतरजालावर विनामूल्य वाचता येतात. त्यातील नोंदींमध्ये जागोजागी ‘पहा’ असे लिहून दुसऱ्या नोंदींकडे पाठवलेले असते. मीठ या नोंदीपासून आरंभ करा आणि प्रत्येक नोंदीतून एकच ‘पहा’ निवडत चार पावले चाला. कोठे पोहोचाल हे मी सांगत नाही, कारण ते तुमच्या निवडीवर अवलंबून आहे. आणि तुम्हाला बटणच हवे असेल, तर मराठी विकिपीडियावर ‘अविशिष्ट लेख’ असा दुवा आहे. तो दाबला की कोणतेही एक पान येते. पुष्कळ पाने दोन ओळींची निघतील, पण तुमच्याविषयी काहीही माहीत नसलेले बटण अजून शिल्लक आहे, एवढे त्यातून कळेल.

राहिला हजार दुव्यांचा प्रश्न. तुम्ही त्यांच्याकडे थकलेले कर्ज म्हणून पाहता, हे पत्राच्या सुरावरून जाणवते. ते कर्ज नाही आणि ते फेडायचेही नाही. त्यातले बरेच दुवे आता उघडणारही नाहीत: अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी नाहीशी झालेली आढळली. (एखादे गेलेले पान हवेच असेल, तर त्याचा पत्ता जुन्या पानांच्या प्रती जपणाऱ्या, इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये घालून पाहा.) लेख एकेक करून उघडण्याऐवजी यादी एखाद्या स्प्रेडशीटमध्ये घ्या आणि संकेतस्थळाच्या नावानुसार लावा, हिशेबनिसाला हे काम सांगायला नको. कोणती नावे पुन्हा पुन्हा येतात ते पाहा. एकाच ठिकाणचे पंधरा दुवे तुम्ही वेगवेगळ्या वर्षी साठवले असतील, तर ते ठिकाण तुमचे आहे. ते आरएसएस वाचकात जोडा आणि यादी मिटवून ठेवा. तुमच्या आवडीची याहून प्रामाणिक नोंद कोणत्याही स्थळाकडे नाही, आणि ती तुमच्या मालकीची आहे. यापुढे मात्र एखादा लेख खरोखर ठेवण्याजोगा वाटला, तर केवळ दुवा साठवू नका. लेख पीडीएफ करून आपल्या संगणकावर ठेवा. दुव्यांची स्थळे किती वर्षे टिकतात, हे तुम्ही दोनदा अनुभवले आहे.

माहेरच्या गटावर दुवे टाकणे थांबवा, पण देणे थांबवू नका. चाळीस जणांना एकदम पाठवलेला दुवा कोणालाच उद्देशून नसतो, आणि शुभ प्रभातच्या चित्रांखाली तो दिवसभरात दिसेनासा होतो. त्याऐवजी एक दुवा एकाच माणसाला पाठवा आणि सोबत दोन वाक्ये स्वतः लिहा: त्यात काय आहे, आणि तो त्याच व्यक्तीला का पाठवत आहात. “काका, यात जुन्या तराजूंची माहिती आहे, तुमच्या दुकानातला तसाच होता का?” एवढे विचारले तर उत्तर येण्याची शक्यता बरीच वाढते, आणि उत्तरातून बहुधा तुम्हालाही काही वाचायला किंवा ऐकायला मिळते. ज्याला पाठवण्यासाठी ही दोन वाक्ये सुचत नाहीत, त्याला तो दुवा पाठवू नये.

यजमानांच्या म्हणण्यावर मी निवाडा करणार नाही, कारण त्यांचा आक्षेप वाचनाला आहे की जेवणाच्या ताटापाशी हातात असलेल्या फोनला, हे पत्रातून कळत नाही. ते त्यांनाच विचारा. आक्षेप फोनला असेल, तर तो रास्त आहे आणि त्यावर उपायही सोपा आहे: शोधण्याची वेळ आणि वाचण्याची वेळ वेगळी करा. आठवड्यातून एकदा, समजा रविवारी दुपारी, तासभर बसून पुढच्या आठवड्याचे तीन-चार लेख निवडा आणि बाकीचे दिवस फक्त तेवढेच वाचा. दुव्यांच्या या उद्योगात खरा वेळ वाचनात जात नाही; ‘आता काहीतरी चांगले येईल’ या आशेने बोट सरकवण्यात जातो. आक्षेप वाचनालाच असेल, तर त्यांच्यासाठीही रविवारी एक लेख निवडा, वर सांगितलेल्या दोन वाक्यांसह.